ब्रेकबाईंना गाडी घ्यायची होती

बाईंची गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली. तपासनिसानं मागच्या पाइपातून नळी काढली, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि वर्गातल्या ढ मुलाच्या आईसमोर मास्तर हलवतात तशी मान हलवली.

"मागच्या वर्षी सांभाळून घेतलं, बाई. यंदा नाही जमायचं. महिनाअखेरपर्यंत इंजिन नीट करून आणा, नाहीतर हिच्यावर शिकवणी बंद."

बाई मोटार चालवायला शिकवायच्या. त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि तो त्या इतक्या वेळा दाबायच्या, की शिकाऊ मंडळी त्यांना ब्रेकबाई म्हणायची. पाठीमागे म्हणायची, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. ब्रेक दाबला नसता तर ही नावं ठेवणारी मंडळी आज नावं ठेवायला उरली असती का, असं त्या म्हणत. गाडी पेट्रोलची, गियरची, लेक शाळेत असताना घेतलेली. अर्धं शहर त्या गाडीवर शिकलं होतं. प्रत्येकानं आपापल्या परीनं तिचा क्लच जाळला होता.

घरी येऊन बाईंनी बातमी सांगितली आणि तिथंच चूक झाली. नुसतं "गाडी दुरुस्तीला टाकलीय" म्हणाल्या असत्या तर निभावलं असतं.

"बरं झालं!" लेक म्हणाली. ती एका कचेरीत हिशेबाचं काम करायची आणि गाड्यांबद्दल तिला सगळं कळायचं. "आई, आता इलेक्ट्रिकच घे. धूर नाही, ऑइल नाही, क्लच नाही. दिवसभर तू त्या धुरात बसतेस. तुझा तो सकाळचा खोकला कशाचा आहे असं तुला वाटतं?"

"अगं, पण ती बॅटरी कशी बनते, ठाऊक आहे का?" नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. तो कॉलेजात रसायन शिकवून निवृत्त झाला होता आणि ऐकायला वर्ग मिळत नसल्यानं घरातच तास घ्यायचा. "डोंगरच्या डोंगर खणून काढतात. आणि तुझी वीज येते कुठून? कोळसा जाळूनच ना? खरं भविष्य हायड्रोजनचं आहे. पाच मिनिटांत टाकी भरते, लांबवर जाते आणि मागून काय बाहेर पडतं? फक्त पाणी!"

"पाणी आपल्या नळाला येईना झालंय, त्याचं बघा आधी," बाई म्हणाल्या.

"बाबा, तो हायड्रोजन तरी बनतो कशाचा? बहुतेक गॅसपासूनच ना?"

"आज! आज बनतो! उद्या पाण्यापासून बनेल."

"पाण्यापासून बनवायला वीजच लागणार. मग तीच वीज सरळ बॅटरीत का नाही भरायची?"

दोघांचं जुंपलं. मधल्या मध्ये बाईंचा चहा निवला. गाडी त्यांची, पोट त्यांचं, पाठदुखी त्यांची, आणि त्यांचं मत मात्र कुणी विचारेना. नवऱ्याला तर गाडी चालवताही येत नव्हती. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात, पण हा माणूस उंटही उधार आणायचा.

दुसऱ्या दिवशी बाई मेकॅनिककडे गेल्या. त्यानं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि आतूनच बोलला, "इलेक्ट्रिकच्या नादाला लागू नका, बाई. बंद पडली की खेळणं. ही बघा, हिला मी डोळे मिटून उघडतो आणि मिटून लावतो."

"मग ही होईल का नीट?"

तो बाहेर आला. हात पुसत त्यानं गाडीकडे पाहिलं. "होईल. पार्ट भंगारातून शोधावा लागेल, कंपनीनं बनवायचा बंद केलाय. आणि वर्षभरानं पुन्हा धुराला नापास होईल, तेव्हा मला शिव्या देऊ नका."

म्हणजे नाचता येत होतं, पण अंगण खरंच वाकडं होतं.

या सगळ्यात बाईंकडे शिकणाऱ्या शिवणताईंची लायसन्सची परीक्षा जवळ आली. शिवणताई पडदे शिवायच्या. मोठमोठे गठ्ठे पोचवायला टॅक्सीवाले कुरकुर करायचे, म्हणून त्यांनी जुनी व्हॅन घ्यायचं ठरवलं होतं. पण लायसन्स मिळेल तर ना! चार वेळा नापास झाल्या होत्या. रस्त्याचे नियम तोंडपाठ, आरशात बघणं चोख, स्वभाव शांत. फक्त क्लच सोडायची वेळ आली की त्यांच्या पायाला काय व्हायचं देव जाणे. गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची.

त्या दिवशी पुलाच्या चढावर ऐन सिग्नलला गाडी बंद पडली. मागे रांग लागली. हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. शिवणताईंनी पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. बाईंच्या डोक्यात तपासनीस, नवरा, लेक आणि मेकॅनिक असे सगळे एकदम बसलेले होते.

"क्लच हळू सोडा, हळू! किती वेळा सांगायचं? पालथ्या घड्यावर पाणी नुसतं!"

शिवणताईंचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग बाईंनी जागा बदलून गाडी पुढे काढली. उतरताना शिवणताई म्हणाल्या, "मॅडम, राहू द्या आता. माझ्याच्यानं नाही होणार." बाईंना स्वतःचीच इतकी चीड आली, की घरी जाऊन त्यांनी विनाकारण कपाट आवरायला काढलं.

रविवारी नवऱ्यानं हायड्रोजनची सहल काढली. त्याच्या एका जुन्या मित्राला गॅस कंपनीनं हायड्रोजनची गाडी वापरायला दिली होती. गाडी झकास होती, यात वाद नाही. आवाज नाही, धक्का नाही, ऐसपैस सीट. नवरा मागे बसून टाकीतल्या दाबाबद्दल बोलत होता आणि मित्र माना डोलवत होता. शहरात हायड्रोजनचा पंप एकच, तोही दुसऱ्या टोकाला, कारखान्यांच्या पलीकडे. तिथं पोचेपर्यंत बाईंचे पाय अवघडले.

टाकी खरोखरच पाच मिनिटांत भरली. नवऱ्यानं विजयी नजरेनं बाईंकडे पाहिलं. मग मित्रानं नळी काढायला हात घातला आणि नळी निघेना. गार वायूनं तोंडाशी बर्फ धरला होता. मित्रानं ओढली. नवऱ्यानं ओढली. दोघांनी मिळून ओढली.

"होतं असं कधीकधी," पंपावरचा माणूस खुर्चीतून न उठता म्हणाला. "ओढू नका. सुटते आपोआप."

मागे आणखी एक गाडी येऊन थांबली. नळी एकच. मित्र वाकून त्या बर्फावर फुंकर घालू लागला. नवरा म्हणाला, "ही काही मूलभूत अडचण नाही. तांत्रिक आहे."

"अहो, बरोबर आहे तुमचं. मी मूलभूत रीतीनं इथं उन्हात उभी आहे," बाई म्हणाल्या. मग मित्राला विचारलं, "आणि हा पंप बंद असला, तर काय करता?"

"मग मी बसनं जातो, वहिनी," मित्र प्रामाणिकपणे म्हणाला.

परत येताना घराच्या कोपऱ्यावर आल्यावर नवरा म्हणालाच, "लांब पल्ल्याच्या ट्रकना मात्र हेच योग्य आहे." ते कदाचित खरंही असेल. पण बाईंना ट्रक घ्यायचा नव्हता.

लेकीनं मग ओळखीतून एक इलेक्ट्रिक गाडी दोन दिवसांसाठी मिळवली. "नुसती चालवून बघ. मी काही बोलणार नाही," असं म्हणून तिनं रात्रीच्या जेवणात अर्धा तास त्या गाडीबद्दल न बोलण्याचं कारण सांगितलं.

सकाळी जुनी गाडी मेकॅनिककडे होती. बाई नवी गाडी घेऊन सरळ शिवणताईंच्या दुकानावर गेल्या. माफी मागायची होती, पण माफी मागणं त्यांना गियरच्या गाडीइतकं सोपं नव्हतं. त्या दारातूनच म्हणाल्या, "चला ताई. ओरडणार नाही."

शिवणताई मशीनवर होत्या. विजेच्या मोटरवर चालणारं शिलाई मशीन, एका पायानं पेडल दाबत होत्या आणि पडद्याची लांबच लांब किनार सुईखालून सरळ निघत होती. बाई उभ्या राहून तो पाय बघत राहिल्या. दाबला की मशीन पळायचं, जरा उचलला की मंदावायचं, आणि कोपरा आला की टाका अचूक जागी थांबायचा. हा तोच पाय, जो पुलावर थरथरत होता.

बंद पडलेल्या कारखान्याचं मोकळं आवार होतं, तिथं बाईंनी त्यांना स्टिअरिंगवर बसवलं. "क्लच नाही. गियर नाही. दाबलं की जाते, पाय उचलला की आपोआप हळू होते. बस्स."

स्वतः शेजारी बसल्या आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की या गाडीला त्यांच्या बाजूचा ब्रेक नाही. गाडी निघाली. बाईंचा पाय सवयीनं पुढे गेला आणि नुसत्या पायपुसण्यावर दाबला गेला. समोर भिंत येत होती. बाईंनी तोंड उघडलं, मग ओरडणार नाही म्हटल्याचं आठवून मिटलं. शिवणताईंनी पाय जरासा उचलला. गाडी मंदावली, भिंतीपासून बेतानं वळली आणि परत मैदानात आली. धक्का नाही, उडी नाही. त्यांनी आवाराला एक फेरी घातली, मग दुसरी. तिसऱ्या फेरीला त्या चक्क स्वतःशी गुणगुणायला लागल्या.

"मॅडम, ही बंद कशी पडत नाही?"

"पडायला काही नाहीच तिच्यात," बाई म्हणाल्या. त्यांना आनंद झाला आणि त्याच वेळी तोंडात मारल्यासारखंही झालं. इतकी वर्षं त्या क्लच, क्लच म्हणून घसा कोरडा करत होत्या. किती जणांना रडवलं. किती जण शिकवणी सोडून गेले. आणि ही बाई मुळात उत्तम चालवत होती. अडत होतं ते एका पेडलपाशी. "ताई, त्या दिवशी मी उगाच बोलले," असं त्यांच्या तोंडून आपसूक निघालं. शिवणताई वळणावर होत्या. त्या म्हणाल्या, "थांबा हं, आरसा बघतेय."

इथंच सगळं गोड झालं असतं तर काय हवं होतं! पण शिवणताईंना दुकानावर सोडल्यावर बाईंनी पाहिलं, तर चार्ज तळाला आलेला. पुढच्या शिकवणीचा माणूस कोपऱ्यावर वाट पाहत होता. बाजाराजवळ चार्जर दोन होते. एकावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी होती. दुसऱ्याला एक गाडी लावलेली होती, पूर्ण भरलेली, आणि मालक गायब. बाई थांबल्या. कोपऱ्यावरच्या माणसाचा फोन आला. पुन्हा थांबल्या. पुन्हा फोन आला, या वेळी तो घरी निघाला होता. अखेर मालक आला, न्हाव्याकडून, मानेवर पावडर तशीच.

"सॉरी हं, जरा हजामतीला गेलो होतो."

"तुमची एकट्याची नाही झाली," बाई म्हणाल्या. "माझीही करून ठेवलीत."

घरी पोचल्या तेव्हा दोघं टपूनच बसली होती. "कशी वाटली?" लेकीनं विचारलं, आणि चार्जरची हकिगत ऐकून नवरा "बघ! मी काय म्हणत होतो!" म्हणत सरसावला.

"गप्प बसा दोघं!" बाईंचा आवाज शेजारपर्यंत गेला असावा, कारण शेजारचा टीव्ही बारीक झाला. "मला एक गाडी हवी आहे, पंथ नकोय! पेट्रोलवाला म्हणतो डोळे मिटून लावतो, आणि पार्ट भंगारात शोधतो. हायड्रोजनवाला बर्फावर फुंकर मारतो. इलेक्ट्रिकवाला मला रस्त्यात सोडून केस कापायला जातो. आणि तुम्ही दोघं मला जग वाचवायला सांगता! मी दिवसभर याच शहरात फिरते. रात्री गाडी शेडमध्ये उभी असते. शेडमध्ये दिवा आहे, म्हणजे वीज आहे. मग तिथं रात्री चार्जिंग होईल की नाही, एवढंच सांगा. पुढचं मी बघते."

लेक म्हणाली, "होईल. वायर बदलावी लागेल." नवऱ्यानं चष्मा पुसला. "होईल," तोही म्हणाला. "तुझ्या कामाला तेच बरं."

बाईंनी वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि सगळ्यात आधी तिच्यात आपल्या बाजूचा ब्रेक बसवून घेतला. सगळं सुरळीत झालं असं नाही. ज्यांना कामासाठी गियरचं लायसन्स हवं होतं, त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या शिकवणीत पाठवावं लागलं. तिथला मालक खुशीत हसला, ते बाईंना चार दिवस पचलं नाही. थंडीत बॅटरी लवकर उतरायची. गाडीचा आवाज नसल्यानं माणसं न बघता आडवी यायची आणि बाईंना काच खाली करून ओरडावं लागायचं. पण सकाळचा खोकला कमी झाला. तो धुरामुळे होता की ओरडण्यामुळे, यावर घरात अजून एकमत नाही.

शिवणताई पास झाल्या. परीक्षक म्हणाला, "यावर फक्त बिनगियरची गाडी चालवता येईल, चालेल ना?" त्यांनी जुन्या व्हॅनचा नाद सोडला आणि छोटी बिनगियरची व्हॅन शोधायला लागल्या.

जुनी गाडी मेकॅनिकनं सुट्या भागांसाठी घ्यायची ठरवली. ती पोचवायला बाई निघाल्या, तेव्हा नवरा न विचारता शेजारी येऊन बसला. गॅरेज जवळच होतं, तरी बाईंनी नदीकडचा लांबचा रस्ता धरला. चढावर दुसरा गियर टाकताना गाडी नेहमीसारखी कुरकुरली. नवऱ्यानं तोंड उघडलं. बाईंना वाटलं, आता धुरातल्या वायूंची नावं ऐकायला मिळणार.

"जरा सावकाश घे," तो म्हणाला. "घाई नाहीये."

मग गॅरेज येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला.