झाकली, तरी मोजली

मी एक जुनी ओळ आहे, मित्रांनो. कवितेतली नव्हे, बुटांच्या कारखान्याच्या संगणकातली. माझं नाव उपबेरीज. आमच्याकडे लहान मुलांचे बूट तीन टेबलांवर शिवतात. प्रत्येक टेबल दिवसाला किती जोड शिवू शकतं, ते वरच्या तीन ओळींत असतं. त्यांची बेरीज म्हणजे मी. मोठ्यांच्या बुटांची अशीच एक माझी बहीण आहे. आम्हा दोघींना मिळवून सगळ्यात खाली बसते ती एकूण बेरीज. तिला जाड अक्षरं, आम्हाला साधी. असो.

मला मांडलं ते नियोजनाच्या ताईंनी. एकूण बेरजेशेजारी त्यांनी अधिकचं एक छोटं चिन्ह ठेवलं. ते दाबलं की आम्ही सगळ्या ओळी उलगडायचो. ताई बैठकीत आधी आम्हाला उघडायच्या, मगच मोठ्या आकड्यावर बोलायच्या.

तिसऱ्या टेबलावर, खिडकीजवळ, एक काकू बसायच्या. नुकत्याच चालू लागलेल्या बाळांचे बूट शिवायच्या, तळहातावर मावतील एवढे. त्या टेबलाचा आकडा त्यांच्याच जिवावर उभा होता.

मग कारखान्याच्या साहेबांनी नवी यंत्रं घेतली, ताईंना गोदामात धाडलं आणि त्यांच्या खुर्चीत आपला भाचा बसवला.

"इतक्या ओळी कशाला रे? मला एक आकडा दाखव."

"हा घ्या, मामा."

भाच्याने ते चिन्ह दाबून आम्हाला झाकलं आणि नवी एकूण बेरीज टाकली, वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळींची. मूर्खाला वाटलं, दिसत नाही ते नाहीच. टेबलं एकदा मोजली गेली, आणि आमच्यातून पुन्हा एकदा. आकडा दुप्पट झाला.

"बघितलंस? यंत्रांचा प्रताप!" साहेब खूश. दुप्पट शिवून होतंय, तर निम्म्या बायका पुरेत! भाचा शिवणखात्यात गेला आणि निम्म्या जणींना सोमवारपासून येऊ नका म्हणाला. काकूंना सांगताना तर त्याने फोनवरून नजरही उचलली नाही. काकूंनी ॲप्रन काढला, नीट घडी घातली आणि निघून गेल्या.

शिवणखात्याच्या मुकादमबाई तडक गोदामात, ताईंकडे.

"काय गं, आम्हाला चार-चार हात आहेत असं त्या पडद्याला कोणी सांगितलं?"

ताई उठल्याच. वर आल्या, भाच्याला "सरक" म्हणाल्या आणि चिन्ह दाबलं. मी उजेडात आले.

"अरे शहाण्या, ह्यांना दोनदा मोजलंयस!"

"पण त्या तर झाकल्या होत्या..."

"तू डोळे झाकलेस तर मी नाहीशी होते का?"

साहेबांनी घसा खाकरला. "ठीक आहे. बोलवा सगळ्यांना परत." चुकलो, हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

सगळ्या परत आल्या. काकू आल्या नाहीत. मुकादमबाई त्यांच्या घरी जाऊन आल्या, तर काकू म्हणाल्या, "ज्याने जा म्हटलं, त्याने येऊन ये म्हणावं." भाचा गेला नाही. साहेब तर नाहीच नाही.

ताई आता पुन्हा आपल्या खुर्चीत आहेत, मी उघडी असते. माझा आकडा मात्र उतरला आहे. एकूण बेरजेत ते कळतही नाही, एवढंसं आहे ते.

म्हणून सांगते, मित्रांनो. कोणी मोठा आकडा नाचवत आला, की त्याला आतल्या ओळी उघडायला लावा. आणि कुणाला घालवलं असेल, तर त्याच्या दारात स्वतः जा. ते काम कुठलंच चिन्ह दाबून होत नाही. खिडकीजवळचं स्टूल अजून रिकामं आहे.