स्फटिकात कोंडलेला श्वास

शिशिराची दुपार होती. श्वेतगिरीच्या पायथ्याशी राजनगरी फिकट, पांढुरक्या उन्हात निपचित पडली होती. शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या. पानं केव्हाच गळून गेली होती, आणि त्या उघड्या फांद्यांच्या सावल्या रस्त्यावर जाळ्यासारख्या पसरल्या होत्या.

त्या सावल्यांवरून कुरंगी चालली होती. अठरा वर्षांची, सावळी, सडपातळ. वाऱ्याच्या पावलांची, पाण्याच्या बोटांची. पाच परगण्यांत तिच्या नावाने लोक दारांना दुहेरी अडसर घालत. इतर चोर अंधाराची वाट पाहत. कुरंगी दुपारची पाहत असे. दुपारी पहारेकरी जेवून पेंगतात, आणि उन्हात वावरणाऱ्या बाईला कुणी चोर समजत नाही.

त्याच दिवशी सकाळी, देवीच्या तळ्याच्या पायरीवर, पद्मलेखा राणीने तिला गाठलं होतं. सोबत दासी नाही, अंगावर अलंकार नाही. धुवट लुगड्यातली एक थकलेली आई.

"माझ्या लेकीला सोडव," राणी म्हणाली. "सात वर्षं झाली गं. केस वाढतात तिचे, नखं वाढतात. ती मात्र वाढत नाही. अकरा वर्षांचीच आहे अजून."

पाण्यात कुरंगीच्या प्रतिबिंबावरून एक वाळकं पान सरकत गेलं.

सात वर्षांपूर्वी राजकन्या वसुमतीला ज्वर आला होता. वैद्य हरले, तेव्हा राजा उदयसेनाने दूर दक्षिणेतून एक मांत्रिक आणवला. प्राण जाण्याच्या क्षणी त्या मांत्रिकाने मुलीचा शेवटचा श्वास स्फटिकाच्या कुपीत धरला, वर मेणाची मोहोर लावली, आणि तो निघून गेला. तेव्हापासून वसुमती ना जिवंत, ना मृत. कमळाच्या मिटल्या कळीसारखी, शुभ्र शय्येवर, स्थिर.

आणि ही कुरंगी तिची दूधबहीण. कुरंगीची आई गोमा वाड्यात दाई होती; तिच्या एकाच पदराखाली दोघी वाढल्या, एकाच अंगाईने झोपल्या. अकराव्या वर्षी वसुमतीने आपल्या जोडीतलं एक पैंजण काढून कुरंगीच्या पायात घातलं होतं. "एक तुला, एक मला," ती म्हणाली होती, "म्हणजे आपण दोघी मिळून वाजू." दुसऱ्या दिवशी ती तापाने फणफणली. तिसऱ्या दिवशी पहारेकऱ्यांना कुरंगीच्या पायात राजघराण्याची चांदी दिसली. खरं सांगणारी शुद्धीवर नव्हती, आणि राजाने मायलेकींना नगराबाहेर काढलं. चोराची आई म्हणून घाटातल्या एकाही दारात गोमाला पाणी मिळालं नाही. तिने तिथेच प्राण सोडला, एका कातळाच्या आडोशाला.

चोरी न करता कुरंगी चोर ठरली. मग ती चोरी शिकली. पण एक काटा तिच्या काळजात राहिलाच. वसुमतीलाही आपण चोरच वाटलो असू का?

राजवाड्याची मागची भिंत तिने ओळखीच्या खाचांवरून चढली. लहानपणी दोघींनीच पाडलेल्या त्या खाचा. सज्जा ओलांडला, जाळीदार दालन ओलांडलं, चंदनाचा थंड वास आला, आणि ती थांबली.

शय्येवर वसुमती होती. तेच नाजूक मनगट, हनुवटीवरचा तोच तीळ. आणि केस मात्र शय्येवरून ओघळत, जमिनीवर काळ्या झऱ्यासारखे साचलेले. कुरंगीने आपला रुंद, राठ तळवा तिच्या इवल्याशा तळव्याशेजारी ठेवला. एका वयाच्या दोघी. आणि मध्ये सात वर्षांची दरी.

उशाशी चांदीच्या चौरंगावर कुपी होती. आत काहीतरी धुकट, दुधट, मंद हेलकावत होतं. कुरंगीने ती उचलली आणि नकळत कानाशी नेली. शिंपल्यात समुद्र घुमावा तसा आतून एक क्षीण, ज्वरदग्ध स्वर आला:

"बाबा, कुरंगीला बोलवा. पैंजण मीच दिलंय तिला."

पुन्हा तेच. पुन्हा तेच. सात वर्षं, स्फटिकाच्या भिंतींवर डोकं आपटत, तेच एक वाक्य.

सात वर्षं कुरंगी रडली नव्हती. तिने कुपी छातीशी धरली.

"ठेव ती खाली."

दारात राजा उदयसेन उभा होता. मुकुट नाही, शस्त्र नाही. पिकलेली दाढी, निद्राहीन डोळे. त्याने पहाऱ्याला हाक मारली नाही. त्याने तिचा चेहरा निरखला.

"गोमाची मुलगी ना तू?"

"हो महाराज. तुम्ही ऐकलंय हे? ती काय म्हणते ते?"

"रोज ऐकतो."

"रोज?" कुरंगीचा आवाज चिरकला. "मग मला बोलावलं का नाही?"

राजाने भिंतीचा आधार घेतला. "मांत्रिक म्हणाला होता, तिचं शेवटचं मागणं पुरं झालं, की श्वास सुटायला मोकळा होईल. तू आली असतीस, तर ती गेली असती."

दालनात उन्हाचा एक पट्टा हळूहळू सरकत होता. कुरंगीला घाटातला तो कातळ दिसला, आईचे भेगाळलेले ओठ दिसले. हातातली कुपी फरशीवर आपटावी, असं एक पळभर तिला वाटलं. तिची बोटं घट्ट झाली. आणि मग तिने त्या म्हाताऱ्याच्या हातांकडे पाहिलं. ते पुढे पसरले होते. आपल्या लेकराला कुणी उचलून नेताना बापाचे हात पसरतात, तसे.

ती पुढे झाली. कुपी तिने त्या हातांत ठेवली.

"मी नेली, तर तुम्ही जन्मभर म्हणाल, चोरीला गेली. तुम्हीच निरोप द्या तिला, महाराज. दमलीय हो ती."

राजा मटकन शय्येच्या कडेला बसला. किती वेळ गेला, कुणास ठाऊक. मग त्याच्या नखाखाली मेण तडकलं.

एक ऊबदार झुळूक उठली. जाळीचे पडदे हलले, काळ्या केसांवरून एक लाट गेली, आणि वसुमतीच्या पापण्या उघडल्या. तिने बापाकडे पाहिलं. मग कुरंगीकडे पाहिलं. विस्मयाने, निरागसपणे, वरपासून खालपर्यंत.

"केवढी मोठी झालीस गं तू," ती म्हणाली.

आणि हसली. ते हसू ओठांवर असतानाच पापण्या मिटल्या. दालनात आता फक्त दोघांचेच श्वास ऐकू येत होते.

राणी धावत आली. तिने टाहो फोडला नाही. लेकीचे ते लांबच लांब केस तिने मांडीवर घेतले आणि गुंता सोडवत राहिली.

सांजेला नदीकाठी चिता पेटली. लोकांदेखत राजाने कुरंगीपुढे हात जोडले. "ही चोर नव्हती," तो म्हणाला, "चोरी मी केली होती." दुसऱ्या दिवशी चौकाचौकात दवंडी पिटली, की गोमा दाईची मुलगी निर्दोष आहे. बाजारातल्या तरुण पोरांनी एकमेकांना विचारलं, कोण ही गोमा? कुणालाच आठवेना.

कुरंगीने ती दवंडी नावेतून ऐकली. वाड्यात राहायला राणीने विनवलं होतं. तिने नकारार्थी मान हलवली होती. क्षमा केली की नाही, हे तिचं तिलाही उमगलं नव्हतं. पैलतीरावर ती उतरली, वाळूत बसली, आणि तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. संथ, निःशब्द, अनावर.

समोर उथळ पाण्यात एक बगळा उभा होता. शुभ्र, एकाकी, ध्यानस्थ. अचानक त्याने पंख उघडले आणि तो राखाडी आभाळात उडाला. पाण्यावर एक वर्तुळ उमटलं. ते पसरलं, पसरत गेलं, काठाला लागलं, आणि विरलं.