सोपटाची गाठ

मी एक जुने शीड आहे. हसू नका, मित्रांनो! कुंभकोणमला समुद्र नाही, हे मलाही ठाऊक आहे. नागपट्टणमच्या एका शिंप्याने मला शिवले आणि विड्याच्या पानांचे व्यापारी पद्मनाभराव मला घेऊन आले. त्यांची छोटी होडी कोल्लिडम नदीच्या बांधामागे, रुंद पाण्यावर असे. दर रविवारी मी टेम्पोतून तिकडे जायचे. वारा भरला की काय ऐट असायची माझी!

पण वारा फार वाढला की मला पूर्ण उभे ठेवणे धोक्याचे. मग मला थोडे उतरवतात, दोन्ही कोपरे खालच्या आडव्या काठीला पक्के करतात आणि लोंबणारे कापड गुंडाळून बंदांनी बांधतात. ताण कोपऱ्यांनी सोसायचा. बंदांनी फक्त कापड आवरायचे, आणि एका ओढीत सुटायचे. एवढे साधे काम! पद्मनाभरावांच्या पत्नी वत्सलाबाईंनी त्यासाठी जुन्या लुगड्याच्या काठाचे बंद शिवले होते. कापडाच्या निऱ्याही त्या सुरेख घालत.

पद्मनाभरावांचे मात्र विचारू नका. जन्म गेला पानांच्या जुड्या बांधण्यात. केळीच्या खोडाचे वाळलेले साल, म्हणजे सोपट, ओले करायचे आणि करकचून गाठ मारायची. मलाही ते तसेच बांधत. जित्याची खोड, दुसरे काय! मी आतल्या आत चरफडत असे.

त्या रविवारी वत्सलाबाई पहिल्यांदाच एकट्या होडी घेऊन पलीकडच्या काठाला जाणार होत्या. कितीतरी वर्षे मागितल्यावर पद्मनाभरावांनी हो म्हटले होते. सकाळी वारा जोराचा होता, म्हणून त्यांनी काठावरच मला आखडून बांधले. अर्थात सोपटाने.

"लुगड्याचे बंद आणलेत मी. ओढलं की सुटतं," वत्सलाबाई म्हणाल्या.

"अय्यो, तुज काय ठावं? माझी गाठ कधी सुटली नाही!"

"तेच म्हणत्ये मी!"

दुपारी वारा उतरला. वत्सलाबाई काठाला लावलेल्या होडीत सुकाणू धरून बसल्या. पद्मनाभराव पान कापायच्या सुरीने गाठी कापू लागले, पण मधली एक घडीत दडून राहिली.

"थांबा, मधली राहिली की!" वत्सलाबाई ओरडल्या.

"सरि, सरि, बरं," म्हणत त्यांनी मला वर चढवायचा दोर जोरात खेचला. त्या गाठीपासून मी टरटर फाटत गेले. वत्सलाबाईंनी सुकाणू सोडले आणि त्या होडीतून उतरल्या.

"नवं शीड आणू," पद्मनाभराव म्हणाले. ते अजून आलेले नाही. आता मी त्यांच्या अंगणात पानांच्या टोपल्यांवर सावली धरते. बांधले आहे कशाने, ते सांगायला नकोच!

मित्रांनो, आपली वस्तू जरूर बांधून ठेवा, पण वेळेला सोडता येईल अशी बांधा. माझे जाऊ द्या, मी कापड आहे. पण लुगड्याच्या काठाचे ते बंद वत्सलाबाईंनी अजून पेटीत घडी घालून ठेवले आहेत, आणि पलीकडच्या काठाला त्या अजून एकट्या गेलेल्या नाहीत.