धाकटा सोडून सगळ्यांना

घड्याळजींनी दुकानाच्या काचेवर वर्तमानपत्राचं शेवटचं पान चिकटवलं, दोन पावलं मागे सरले आणि समोरच्या दुकानाचा टिकलीएवढा तुकडाही दिसत नाही ना, हे मान वाकडी करून पाहिलं.

"बाबा, काच झाकून काय उपयोग?" सून स्टँडवर फोन बसवत म्हणाली. "लाइव्ह आहे हे. सगळ्या जगाला दिसेल."

"जगाला दिसू दे. समोरच्याला दिसता कामा नये."

समोरचा म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. चार वर्षांपूर्वी याच टेबलाशी, भर गिऱ्हाइकांत तो म्हणाला होता, "दादा, इकडे दे. तुझा हात हलतोय." खोटं बोलला नव्हता; पण खरं बोलायलाही वेळकाळ असतो. घड्याळजींनी त्याला दार दाखवलं आणि त्यानं रस्ता ओलांडून स्वतःचं दार उघडलं. तेव्हापासून बोलणं बंद होतं. हात मात्र बंद झाला नव्हता, चांगला जोमात हलत होता.

लाइव्हची वेळ आणली ती जुनं गिऱ्हाईक असलेल्या मास्तरांनी. आपल्या मनगटी घड्याळातला एखादा भाग कुणी हळूच बदलेल, ही त्यांची जन्माची धास्ती. गुडघ्यांमुळे दुकानात बसून पहारा करता येईना, म्हणून सुनेनं हा तोडगा काढला होता. काम नेमकं नाजूक होतं: घड्याळाला टिकटिक देणारं बॅलन्सचं चाक, त्याच्या केसाएवढ्या स्प्रिंगसकट, जागी बसवायचं. हात चुकला की स्प्रिंगचा गुंता होणार. आणि तो धाकट्यानं पाहिला, की त्याचं चार वर्षांपूर्वीचं वाक्य कायमचं खरं ठरणार.

"तीन प्रकार आहेत," सून म्हणाली. "सार्वजनिक, म्हणजे दार सताड उघडं. लिंकवालं, म्हणजे दार नुसतं लोटलेलं; ज्याच्या हाती लिंक पडली तो ढकलून आत. आणि खाजगी, म्हणजे आतून कडी. यादीत नाव असेल त्यालाच उघडायचं."

"आणि धाकटा सोडून सगळ्यांना?"

"असा प्रकारच नाहीये."

"नाही कसा? एवढी अक्कल लावून हे बनवलं, त्या माणसाला भाऊ नव्हता का?"

"ब्लॉक करते हवं तर. पण काका दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बघतीलच."

"मग लाव कडी."

यादी तिघांची झाली. मास्तर, ऑफिसात बसलेला मुलगा आणि घड्याळजींची थोरली बहीण. ताईचा दोन्ही भावांकडे सारखाच वावर होता, म्हणून सूनच जरा अडखळली.

"आत्याबाईंना घालू ना?"

"घाल की. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तासकाट्याला बुटका म्हणते आणि मिनिटकाट्याला लांबडा. हात हलतोय की घड्याळ, तेही कळायचं नाही तिला."

दुपारी तीनला कडी लावून प्रसारण सुरू झालं. पाहणारे तीन. मास्तरांनी लगेच लिहिलं: 'नमस्कार. घड्याळ माझे आहे.' मुलानं अंगठा दाखवला. ताई गप्प.

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, देवाचं नाव घेतलं आणि चिमट्यात चाक उचललं. ते जागेच्या वर आलं आणि थरथरू लागलं. त्यांनी हात मागे घेतला. पुन्हा नेला. पुन्हा तेच.

'घड्याळ माझे आहे,' मास्तरांनी आठवण करून दिली.

तिसऱ्यांदा चाक कडेला टेकलं आणि घसरता घसरता राहिलं.

"बंद करू का, बाबा?" सुनेनं हळूच विचारलं. मग तीच फोनवर वाकली. "थांबा, आत्याबाईंनी काहीतरी लिहिलंय."

"काय म्हणते? जेवलास का?"

"खालचा ड्रॉवर ओढ," सुनेनं वाचलं. "कोपर त्यावर टेकव. श्वास पूर्ण सोड, मग चाक सोड."

घड्याळजींचा चिमटा हवेतच थांबला. वडील अस्सेच बसायचे. त्यांच्या उतारवयात हे पाहायला टेबलाशी दोघे भाऊच असत. ताईनं तर या टेबलाला कधी हातही लावला नव्हता.

त्यांनी काचेकडे पाहिलं. तिथे कालच्या बातम्या होत्या. मग खालचा ड्रॉवर ओढला, कोपर टेकवलं, श्वास सोडला. चाक अलगद जागी बसलं, क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं आणि झुलू लागलं.

मास्तरांनी ओळीनं अकरा नमस्कार पाठवले.

संध्याकाळी ताई स्वतःच दारात उभी राहिली, रिकाम्या हातांनी.

"काय रे, पार पडलं का तुझं ते? माझं बघायचं राहूनच गेलं. प्रवचनाला गेले होते. बुवांचा आवाज काय लागलाय म्हणून सांगू! डोळे पुसता पुसता पदर भिजला."

"आणि फोन?"

"तो धाकट्याच्या काउंटरवर ठेवला. भर प्रवचनात वाजला की मेल्याहून मेल्यासारखं होतं."

सुनेनं फोन उचलला. यादी उघडून तिनं सासऱ्यांकडे पाहिलं.

"बाबा, उद्या मास्तरांच्या भिंतीवरचं घड्याळ दाखवायचंय. यादी बदलायची का?"

घड्याळजी उघडा राहिलेला ड्रॉवर फडक्यानं पुसत होते.

"कडी राहू दे," ते म्हणाले. "शिस्त म्हणजे शिस्त." मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "ताई, प्रवचन उद्याही आहे का गं?"

"आहे की. सात दिवस."

"मग रोज जात जा. आणि फोन नेत जाऊ नकोस बरं, देवाच्या दारात वाजलेलं चांगलं दिसत नाही."