लोरीनबाईंचा वादळी भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. मित्रांनो, सध्या मी ओढ्याच्या गाळात पडलो आहे आणि माझा दांडा वाकला आहे.

अमेरिकेत, केंटकीतल्या आमच्या गावात मला बंबखान्याच्या ओट्यावर बसवले होते. आभाळातून चक्रीवादळाची सोंड उतरताना दिसली की बंबवाला व्हर्जिल टॅकेट माझा दांडा गरागरा फिरवायचा आणि सारे गाव चर्चच्या तळघरात शिरायचे. एकदा शाळेचे छप्पर उडाले, पण आत एकही मूल नव्हते. त्या रविवारी पाद्रीबाबांनी प्रार्थनेत माझे नाव घेतले. पुढे विजेचा भोंगा आला आणि व्हर्जिलने मला घरी नेले. व्हर्जिल गेल्यावर माझ्यावर धूळ साचली.

आमच्याकडे ऑगस्टमध्ये काही दिवस हमरस्त्याच्या कडेने घराघरातले जुने सामान विकायला मांडतात. व्हर्जिलच्या बायकोचे, लोरीनबाईंचे टेबल अगदी टोकाला होते. तिथे कुणी फिरकेना. वैतागून त्यांनी माझा दांडा फिरवला. सगळ्या माना वळल्या.

"अगंबाई, जीवच गेला माझा!" एक बाई छातीवर हात ठेवून म्हणाली.

"बोलताय म्हणजे आहे शिल्लक! या, किटल्या बघा."

झुंबड उडाली. मग रोज गिऱ्हाईक ओसरले की मी वाजायचो. मला फार लाज वाटायची.

समोर हत्यारे विकणारा ड्यूई ओरडला, "लोरीन, बास कर गं! व्हर्जिल असता तर हात धरला असता तुझा."

"असता तर इथे उन्हात कशाला बसले असते? माझा धंदा होतोय म्हणून पोटात दुखतंय तुझ्या!"

विक्रीच्या शेवटच्या दुपारी वारा पडला. पाखरे गप्प झाली. पश्चिमेचे आभाळ शेवाळासारखे हिरवट झाले. गावातली वीज गेली, त्यामुळे विजेचा भोंगा मुका झाला. ड्यूई धावत आला. "लोरीन, सोंड उतरतेय! फिरव, फिरव!"

त्यांनी दोन्ही हातांनी दांडा फिरवला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. कुणीही चर्चकडे वळले नाही.

"आता काय, अर्ध्या भावात का?" कुणीतरी हसून विचारले आणि लेकरांना कडेवर घेऊन माणसे आमच्याच दिशेने येऊ लागली.

मित्रांनो, त्या सोंडेने मला उचलून इथे ओढ्यात फेकले. मी सापडलो तर माझा गंज काढा, मला तेल पाजा. पण गंमत म्हणून वाजवू नका. त्या दुपारी लोरीनबाई "पळा रे, पळा!" म्हणून रडत होत्या आणि माझ्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेले नाही.