इरावतीच्या चारशे बारा नोंदी

इरावतीच्या पत्राला माधवरावांनी बावीस वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र होतं चार ओळींचं. ‘सर, नव्या नोकरीसाठी कंपनीकडून माझ्या कामाची यादी मागवली, तर सगळ्या कामावर तुमचं नाव. दुरुस्त कराल का?’

चूक त्यांचीच होती. राजारामपुरीतल्या त्या छोट्या कंपनीत माधवराव, इरावती आणि इतर काही जण दूध संस्थांसाठी प्रोग्राम लिहीत. कोणी, कधी, काय बदललं याचा इतिहास संगणकात साठे. लॉगिन एकच, माधवरावांचं. म्हणून जो तो आपल्या बदलाच्या टिपणाखाली आद्याक्षरं टाकी. पुढे हा इतिहास दुसऱ्या प्रणालीत हलवताना ती आद्याक्षरांची ओळ काही केल्या बसेना, तेव्हा त्यांनी घाईत प्रत्येक टिपणाची शेवटची ओळच छाटली. आद्याक्षरं गेली, एकच नाव उरलं. उत्तर लिहायला बसले की पेन अडे. मग उशीर झाल्याचीच लाज वाटू लागली.

आता माधवराव निवृत्त होते आणि कंपनी तरुण अनुजा चालवत होती. ती घरी आली.

“काका, बदलांचा सगळा इतिहास गिट नावाच्या नव्या प्रणालीत न्यायचा हाय. जुन्या लॉगिनसमोर पूर्ण नाव द्या, झालं. एका ओळीचं काम की!”

“आणि जुना सर्व्हर?”

“सोमवारी भंगारात.”

“एका ओळीत नाही भागायचं,” माधवराव पुटपुटले.

“का वो? एका माधवरावात किती जण ऱ्हात होते?”

त्यांनी कपाटातून जाड वही काढली. तेव्हा लाइटीचा भरवसा नसे; बदल संगणकात घालण्याआधी वहीत लिहून सही करायची, हा ऑफिसचा नेम. माधवराव तारखा जुळवू लागले. ‘लाइट गेली तरी दुधाच्या फॅटचं रीडिंग जपणे’ हे इरावतीचं. दोन दिवस ती अनवाणी संगणकाच्या एसीनं गार खोलीत बसली होती. धुळीच्या भीतीनं चपला बाहेर काढायच्या, आणि तिचे पाय गारठायचे. शेवटी तिनं पायाखाली पोतं घेतलं. सगळे हसले होते. तेही हसले होते.

रविवारपर्यंत चारशे बारा नोंदी तिच्या निघाल्या. सदतीस नोंदींची पानं वाळवीनं खाल्ली होती. त्या नोंदींपुढे माधवरावांनी लिहिलं : नाव माहीत नाही.

“तुमचंच घाला की,” अनुजा म्हणाली. “कोण इचारतंय?”

“इरावतीनं विचारलं होतं.”

अनुजानं यादी प्रोग्रामला दिली. पडद्यावर ओळी सरकू लागल्या, आणि जिथे तिथे इरावतीचं नाव उमटत गेलं. माधवरावांनी चष्मा पुसला.

“फोन करा की त्यास्नी.”

“नंबर नाही. मलकापूरचा पत्ता आहे, तिच्या आईचा. ती तिथे असेल की नाही, कोण जाणे.”

त्यांनी यादी छापून घेतली, वर चार ओळी लिहिल्या. पहिली ओळ होती : ‘चूक माझी होती.’ ती तीनदा वाचली, खोडली नाही. सोमवारी पोस्टाच्या खिडकीशी त्यांनी पाकीट पुढे केलं.

“रजिस्टर करायचं?” खिडकीमागच्या बाईंनी विचारलं.

“हो,” माधवराव म्हणाले, आणि पाकीट सोडलं.