कोणती बोट ते कळवा

मित्रांनो, माझ्या सहाशे चौदाव्या पानावर एक पत्र आहे. तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये ते आले आणि त्याला उत्तर गेले नाही. उत्तर द्यायचे नव्हते असे नाही. फार चांगले उत्तर द्यायचे होते, म्हणून ते राहिले. हे मला नीट सांगता येईल का, याची खात्री नाही. गोष्टी सांगायची मला सवय नाही. मला फक्त वेळा सांगता येतात.

मी एक जुने वेळापत्रक आहे. जपानमधली प्रत्येक आगगाडी, डोंगरातली प्रत्येक बस आणि बेटांकडे जाणारी प्रत्येक बोट माझ्या हजार पानांत आहे. माझा जन्म टोकियोच्या छापखान्यातला. कागद इतका पातळ, की एका पानावरचे आकडे पलीकडून दिसतात. माझ्यासारखे पुस्तक दर महिन्याला नवे निघते, त्यामुळे माझे आयुष्य जन्माआधीच ठरलेले होते. एक महिना लोकांनी मला चाळायचे आणि मग रद्दीत टाकायचे. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. चुकीची वेळ सांगणाऱ्या पुस्तकाने जगू नये, हेच बरे.

फुकागावा स्थानकातल्या दुकानातून मला शिगेनारी हाताकावा यांनी विकत घेतले. गावच्या वाचनालयात त्यांनी चाळीस वर्षे पुस्तकांची कार्डे लिहिली होती. अक्षर मोत्यासारखे, पण कोणी समोर येऊन काही विचारले की कानाच्या पाळ्या लाल होत. निवृत्तीनंतर वाचनालयाने टाकून दिलेली जुनी कार्डे त्यांनी घरी आणली होती. त्यांच्या कोऱ्या बाजूवर ते पेन्सिलीने लिहीत.

त्यांनी मला बैठ्या मेजावर ठेवले आणि नुकतेच आलेले ते पत्र उघडून बायकोला वाचून दाखवले. तिला आता बारीक अक्षर दिसत नसे. तिचे नाव सायो. पत्र तिच्या थोरल्या बहिणीचे, किनुताईचे होते. उत्तरेला समुद्रात रेबुन नावाचे खडकाळ बेट आहे. किनुताई तिथे राहायची आणि उन्हाळ्यात घरातच पाहुणे उतरवायची.

"जावईबापू," असे लिहिले होते, "या जूनमध्ये सायोला घेऊन या. दोन रात्री, तीन दिवस. जास्त नको, जास्त राहिलात तर भांडी घासायला लावीन. टेकडीवर पांढरी फुलं येतील तेव्हा या. सायोची नजर जात चाललीय हे तुमच्या नववर्षाच्या कार्डावरून कळलं. आहे तोवर तिला फुलं दाखवा, आणि जमलं तर मलाही दाखवा. एकोणीस वर्षं झाली. फोन करू नका, माझे कान गेले. आम्ही दोघी बहिणी मिळून आता एक माणूसही धड होत नाही. पत्रच लिहा. कोणती बोट ते कळवा, म्हणजे झेंडा घेऊन धक्क्यावर येते."

बेटाची रीतच ती. ज्याच्या घरी पाहुणे येणार, तो आपल्या घराच्या नावाचा झेंडा घेऊन धक्क्यावर उभा राहतो. किनुताईचा झेंडा निळा होता.

सायो हसून म्हणाली, "भांडी घासायला लावेलच ती. लहानपणी मासे साफ करायला लावायची आणि वर म्हणायची, काटा राहिला."

"आज उत्तर लिहून टाकतो," हाताकावा म्हणाले. "वेळा तेवढ्या बघतो."

तिथून माझ्या कामाचे दिवस सुरू झाले. मित्रांनो, ते दिवस मला अजून आवडतात, हे मी लाजत कबूल करतो. रोज सकाळी चहा झाला की ते मला उघडत. सकाळी आठ पस्तीसला फुकागावाहून निघणारी गाडी पावणेएकला वाक्कानाई बंदराला पोहोचत होती. तिथून तीनची बोट, पाचला रेबुन. किती सोपे! मी ते एका ओळीत सांगितले होते.

पण त्यांनी एक कार्ड लिहिले, मग त्याखाली एक रेघ ओढली. पाच वाजता म्हणजे ऐन स्वयंपाकाची वेळ. इतर पाहुण्यांचे मासे चुलीवर, आणि आपल्यासाठी किनुताईने सगळे टाकून धक्क्यावर यायचे? बरे दिसणार नाही. मग सकाळची बोट बघितली. ती साडेसहाला सुटायची. त्यासाठी आदली रात्र वाक्कानाईत काढावी लागणार. म्हणजे तीन दिवसांत बेटावर एकच रात्र. ताई म्हणेल, माझ्या घरापेक्षा हॉटेल बरे वाटले का.

"अहो, चहा निवला," सायो म्हणे.

"हो. हे बघ, दुसऱ्या दिवशी बेटाच्या सुकोतोन टोकाला जायचं तर बस नऊला आहे. पण धुकं असलं तर?"

"धुकं असलं तर धुकं बघू. मला काय, सगळं धुकंच दिसतं."

"तसं नको. नीट बघितलं पाहिजे. एकदाच जायचंय."

"मग एकदा तरी जाऊ या!"

ते हसले आणि नवे कार्ड घेतले. जूनच्या पंधरा तारखेपर्यंत बेचाळीस कार्डे झाली. फुलांच्या टेकडीला किती वेळ, मांजरीसारख्या दिसणाऱ्या खडकाला किती वेळ, वाटेत सायोला कुठे बसता येईल, सारे त्यांत होते. फक्त उत्तराचा कागद कोरा होता. मग पांढरी फुले संपली असे वर्तमानपत्रात आले. हाताकावांनी कार्डांना दोरा बांधला आणि पत्र माझ्या बोटींच्या पानावर ठेवून मला मिटले.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले.

सायो म्हणाली, "ताईला तसं कळवा तरी."

"कळवतो. सविस्तर लिहितो."

जानेवारीत सगळ्यांसारखेच किनुताईलाही नववर्षाचे कार्ड गेले. त्यावर छापील शुभेच्छेखाली त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिले, "सविस्तर पत्र मागाहून." तिचेही कार्ड आले. त्यावर चारच शब्द होते. "जूनमध्ये झेंडा धुऊन ठेवते."

मित्रांनो, खरे तर मी तेव्हा रद्दीत जायला हवे होते. पण त्यांनी नवे वेळापत्रक घेतले नाही. स्थानकावर जाऊन ते फलकावरच्या वेळा उतरवून आणत आणि माझ्या आकड्यांवर पेन्सिलीने दुरुस्त्या करत. दुकानातली बाई म्हणे, "काका, एवढं खोडत बसण्यापेक्षा नवं न्या की!" ते मान खाली घालून म्हणत, "ह्यात पत्र आहे." तिला वाटे, म्हातारा काहीतरीच बोलतो. मला मात्र फार अभिमान वाटे. माझे सगळे भाऊबंद केव्हाच कुजले होते आणि मी चौदा महिन्यांचा होऊनही मेजावर होतो. आता वाटते, त्या अभिमानात माझाही दोष होता. माझ्या पानांवर प्रत्येक गोष्टीची वेळ मिनिटासकट छापलेली असते. माझ्याकडे रोज बघणाऱ्या माणसाला वाटू लागते, की आयुष्यातही कुठेतरी अशी अचूक ओळ छापलेली असेल, ती फक्त शोधायला हवी.

दुसऱ्या वर्षी त्यांनी उत्तर खरोखर लिहिले. अकरा जून, तीनची बोट. पाकीट चिकटवले, तिकीट लावले. सायोने पाकीट हातात धरून त्याच्या कडा चाचपल्या.

"जाड आहे. काय काय लिहिलंत?"

"तिन्ही दिवसांचं सगळं. तिला तयारीला बरं."

"बोट लिहिलीत ना? तेवढंच विचारलं होतं तिनं."

ते बूट घालायला दाराशी गेले आणि तिथेच थांबले. मी मेजावरून त्यांची पाठ बघत होतो. जूनमध्ये समुद्रावर धुके येते आणि कधीकधी बोट सुटतच नाही. किनुताई झेंडा घेऊन धक्क्यावर उभी, आणि बोटच नाही. त्या वयात उगाच ताटकळत. कान नाहीत, तिला भोंगाही ऐकू येणार नाही. हे सारे ते अर्धवट मोठ्याने बोलत होते. मग ते परत आले आणि पाकीट माझ्या पानात, तिच्या पत्राशेजारी ठेवले.

"हवामान बघून टाकतो," ते म्हणाले.

सायोने पेला उचलला, त्यात चहा नव्हता, तरी ओठाला लावला.

तिसऱ्या वर्षी तिची नजर गेली. उजेड आणि अंधार एवढेच उरले. त्या जूनमध्ये हाताकावांनी मला उघडले, पण पेन्सिल घेतली नाही. माझ्यातल्या दोन गाड्या बंद झाल्या होत्या आणि एका छोट्या स्थानकाचे नावच पुसले गेले होते.

"आता जाऊन काय," ते म्हणाले. "फुलं..."

"फुलांचं राहू द्या," सायो म्हणाली. "ताईचं तोंड हातानं बघितलं असतं."

मला वाटते, त्यांना तेव्हा लाज वाटली. आणि लाज वाटली की त्यांना लिहिता येत नसे.

फेब्रुवारीत फोन वाजला. किनुताईच्या शेजारच्या ओतानीबाई बोलत होत्या. किनुताई गेली. सकाळी चुलीपाशी बसलेलीच गेली. हाताकावांनी लगेच मला ओढून उघडले, बोटाने ओळ शोधली. पहिल्यांदाच त्यांनी एकदाही विचार न करता निर्णय घेतला. आठ पस्तीस. तीनची बोट. दोघांच्या पिशव्या तासाभरात भरून झाल्या. पण वाक्कानाईत बर्फाचे वादळ होते. त्या दिवशी बोट नव्हती, दुसऱ्या दिवशी नव्हती, तिसऱ्याही दिवशी नव्हती. तोवर पिशव्या दाराशीच राहिल्या आणि तिकडे सारे उरकले. माझ्या पानावर तीनची बोट होती आणि समुद्रावर ती नव्हती. वेळापत्रकाला याहून वाईट दुसरे काय असणार?

परवा, मेच्या शेवटी, ओतानीबाईंकडून एक पुडके आले. त्यात घडी घातलेला निळा झेंडा आणि एक चिठ्ठी होती. हाताकावा चिठ्ठी वाचू लागले.

"घर आवरताना हा सापडला, तुम्हालाच पाठवावा असं वाटलं. किनुताईंनी चार वर्षांपूर्वीच पाहुणे ठेवणं बंद केलं होतं. गुडघे चालत नव्हते. पण तीन वर्षं, जून लागला की त्या झेंडा घेऊन धक्क्यावर यायच्या. वाक्कानाईची प्रत्येक बोट. सकाळचीही आणि दुपारचीही. मी म्हणायची, ताई, पाहुणे नाहीत तर कोणासाठी? त्या म्हणायच्या, आमचे जावईबापू फार व्यवस्थित आहेत. कोणती बोट ते अजून ठरलं नसेल, म्हणून कळवलं नाही. मग कोणत्याही बोटीनं येतील."

त्यांना पुढे वाचता आले नाही. पुढे तसे फारसे नव्हतेही.

सायोने झेंडा मांडीवर घेतला. कापड उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने कडक झाले होते. तिने त्याच्या चारी कडा बोटांनी पाहिल्या. एका कोपऱ्यात ठिगळ होते, तिथे तिचे बोट थांबले.

"टाके तिचेच," ती म्हणाली. "अजून वाकडेच घालायची."

तिने झेंड्याची घडी घातली. मग ती म्हणाली, "लिहा."

"कोणाला?"

"ताईला."

"सायो, ताई..."

"कळतं मला. चार दिवसांनी जून लागतो. लिहा, आम्ही येत नाही. धक्क्यावर येऊ नका. एवढंच लिहा. सविस्तर नको."

त्यांनी लिहिले. तीन वर्षे जे जमले नाही, ते दोन ओळींत झाले. पत्ता लिहिताना त्यांचे अक्षर पहिल्यांदाच वाकडे आले. ते पाकीट कोणी उघडणार नाही आणि काही दिवसांनी शिक्का मारून परत येईल, हे दोघांनाही ठाऊक होते.

आज सकाळी आमच्या गल्लीत रद्दी उचलायचा दिवस आहे. हाताकावांनी बेचाळीस कार्डे माझ्यात ठेवली. दुसऱ्या वर्षीचे जाड पाकीटही राहू दिले. किनुताईचे पत्र त्यांनी काढून घेतले, पण पुन्हा माझ्या पानावर ठेवले आणि तसेच राहू दिले. मग मला पांढऱ्या दोरीने उभे आडवे बांधले. कोपऱ्यावर जिथे रद्दीचे गठ्ठे ठेवतात, तिथेच टपालाची लाल पेटी आहे. आता मी तिच्या पायाशी आहे.

मित्रांनो, गोष्टींची पुस्तके शेवटी काहीतरी उपदेश करतात. मला तो अधिकार आहे असे वाटत नाही. मी फार नीटनेटका होतो आणि त्याचा कोणालाच उपयोग झाला नाही. तरी एक विनंती करतो. माझ्यासारख्यांना जपू नका. जुने झाले की टाका. पण कोणी विचारले की कोणत्या बोटीने येणार, तर चुकीची का होईना, एक बोट सांगा. नाहीतर येत नाही म्हणून सांगा. धक्क्यावर उभे राहणाऱ्याला तेवढे तरी कळू द्या.

रद्दीची गाडी वळणावर आली आहे. सायो हाताकावांच्या कोपराला धरून उभी आहे. ताईचे पाकीट धरलेला त्यांचा हात पेटीच्या फटीपाशी थांबला आहे, दुसऱ्या वर्षी ते दाराशी थांबले होते तसाच. सायो वाट बघते, मग हाताने चाचपत त्यांचे मनगट धरते आणि पुढे ढकलते.

"पडलं का?"

"पडलं."

"मला ऐकू आलं," ती म्हणते.